बिनशेताची कुदळ

रक्त देऊन घरी आला की अंद्रियाच्या अंगावर दोन खुणा असायच्या. डाव्या कोपराच्या खाचेत चिकटपट्टी आणि मिशीला राजम्याचा वास.

आमच्या यासेनिक गावात वर्षातून चार वेळा रेडक्रॉसची गाडी यायची. बंबवाल्या स्वयंसेवकांच्या हॉलमध्ये खाटा मांडल्या जायच्या आणि मागच्या अंगणात मोठ्या कढईत धुरावलेल्या हाडांसकट राजमा रटरटत असायचा. रक्त दिलं की खोलगट ताटली भरून राजमा, पाव आणि पेलाभर लाल वाइन. डॉक्टरचं नाव काढलं तर गावातले पुरुष कुंपणाआड व्हायचे, दात दुखला तर घरातली पक्कड शोधायचे. पण या चार दिवशी सगळे कसे दाढी करून, धुतलेला शर्ट घालून रांगेत. सुईला भितो असं कोण म्हणवून घेणार? आणि त्या रांगेत सगळ्यात पुढे माझा नवरा.

ही गोष्ट १९८६ सालची. मार्च महिना होता. मी परसात कांदे लावत होते. साडेनऊ वाजले असतील नसतील, फाटक वाजलं आणि अंद्रिया आत आला. एरवी या दिवशी तो दुपारी दोनच्या आत घर बघायचा नाही.

"एवढ्यात झालं?" मी विचारलं.

"गर्दी नव्हती."

"आणि राजमा?"

"भूक नव्हती."

एकोणचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी मान वर करून बघितलं. बाही दुमडलेली होती, कोपरात पट्टीही होती. पण उजव्या कोपरात. अंद्रिया पिंपं बांधायचा, ओकच्या फळ्यांची, वाइनसाठी आणि प्लमच्या दारूसाठी. उजवा हात म्हणजे हातोड्याचा हात. त्या हाताला त्याने कधी सुई लावू दिली नव्हती. शिवाय पट्टी गुलाबी होती. तसल्या गुलाबी पट्ट्या आमच्या लेकीने, कातित्साने, म्युनिकहून पाठवल्या होत्या आणि त्या माझ्या स्वयंपाकघरातल्या खणात असत. म्हणजे हा मागच्या दाराने घरात शिरला, खण उघडला, पट्टी लावली, पुन्हा मागून बाहेर पडला आणि पुढच्या फाटकाने वाजत गाजत आत आला.

मी कांदे लावत राहिले. काही गोष्टी आपण विचारायच्या नसतात, दुपारपर्यंत त्या चालत आपल्या दारात येतात.

ही गोष्ट ब्लाझच्या पायांनी आली. ब्लाझ म्हणजे आमचा कूम. लग्नात अंद्रियाच्या शेजारी उभा राहिला, बाप्तिस्म्याला कातित्साला हातात धरलं. तेव्हापासून तो घरचाच, आणि घरच्यासारखाच आगाऊ. त्याची रक्ताची शंभरी आदल्याच वर्षी पुरी झाली होती. त्याबद्दल मिळालेला चांदीचा बिल्ला तो रविवारी चर्चला लावायचाच, पण डुकरांना खायला घालतानाही लावायचा असं त्याची बायको सांगायची.

"रेझा," फाटकातूनच तो ओरडला, "तुझ्या नवऱ्याचा माल परत आला म्हणे! नासका निघाला काय?"

शेडमध्ये हातोडा थांबला.

"काय झालं ते नीट सांग," मी म्हणाले.

"दाब! एकशे पंच्याण्णव! खालचा एकशे पंधरा! ती नर्स, आपली एवित्सा, तिने तीनदा मोजलं. तिला वाटलं यंत्र बिघडलं. मग माझा मोजू का म्हणाली. मी म्हटलं, बाई, माझी शंभरी झाली, आता मला हात लावायचा नाही."

अंद्रिया शेडच्या दारात आला. तोंड लाल झालेलं. "तुझं तोंड आवर ब्लाझ, नाहीतर पिंपात घालून झाकण ठोकीन."

"घाल की. पण अठ्ठ्याण्णवच राहतील तुझे."

तिथे खरी मेख होती. अंद्रियाचे अठ्ठ्याण्णव झाले होते. तीस नोव्हेंबरला तो पासष्टचा होणार होता आणि पासष्टनंतर रक्त घेत नाहीत. गाडी अजून तीनदा येणार होती: जून, सप्टेंबर, नोव्हेंबर. त्यातल्या दोन वेळा त्याचं रक्त घेतलं गेलं तरच शंभर.

परक्या माणसाला हे पोरकट वाटेल. मला कधी वाटलं नाही. कातित्सा झाली तेव्हा शहराच्या इस्पितळात मला सात बाटल्या रक्त चढवलं होतं. कोणाचं, ते आजवर मला माहीत नाही. अंद्रिया बाहेरच्या बाकावर दोन दिवस बसून होता. त्यानंतरच्या वसंतात तो पहिल्यांदा रक्त द्यायला गेला, आणि मग थांबलाच नाही. पुढे कधीतरी मी म्हणाले, "सात तर केव्हाच झाले." तर म्हणाला, "ते सात होते की सत्तर, मला काय ठाऊक? मी दार बंद होतं त्याच्या बाहेर होतो." त्यावर पुन्हा आम्ही कधी बोललो नाही.

पण शंभरीपेक्षा मला दुसरीच भीती होती. त्याचा बाप एकसष्टाव्या वर्षी प्लमच्या बागेत शिडीवरून खाली आला तो बसलाच, आणि पुन्हा उठला नाही. आजोबा अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले, जेवणाच्या टेबलावर, हातात चमचा. त्या घराण्यात म्हातारे पुरुष मी बघितलेच नव्हते. फोटोत सगळे जाडजूड, लालबुंद आणि पन्नाशीचे.

गावातल्या पुरुषांचं रक्ताबद्दल एक शास्त्र होतं. रक्त दिलं की वाईट ते निघून जातं आणि अंगात नवं तयार होतं. म्हणून वर्षात चार वेळा अर्धा लिटर काढून दिलं की बाकीचे दिवस सकाळी खारवलेल्या चरबीचा तळहाताएवढा तुकडा, त्यावर प्लमची दारू, दुपारी चरबीतच तळलेलं काहीतरी आणि दिवसाला चाळीस सिगारेटी, सगळं माफ. अंद्रियाचं गणित तर आणखी पुढे गेलं.

"दाब जास्त म्हणून रक्त घेत नाहीत," तो मला समजावून सांगू लागला, "आणि रक्त घेत नाहीत म्हणून दाब वाढणार. म्हणजे चूक कोणाची? त्यांची!"

"मग आता?"

"मीच काढतो."

दोन दिवसांनी मी शेडमध्ये डोकावले तर हा उलट्या पिंपावर बसलेला, विजार गुडघ्यापर्यंत वर, आणि दोन्ही पोटऱ्यांवर तीन तीन जळवा. गावामागच्या डबक्यातून बरणीत पकडून आणलेल्या. मजेत सिगारेट ओढत बसला होता.

"रेझा, बघ, कशा पितायत! ब्लाझपेक्षा जास्त!"

जूनपर्यंत त्याने जळवा लावल्या, लसणाच्या पाकळ्या सोलून चघळल्या (ते तीन आठवडे मी लेकीच्या खोलीत झोपले), आणि गाडी यायच्या आधीचे दोन दिवस खाटेवर हलायचं नाही असं ठरवून पडून राहिला. मग उठून, दाढी करून, धुतलेला शर्ट घालून गेला. दाब एकशे पंच्याऐंशी, खालचा एकशे पाच.

या वेळी त्याने पट्टी लावली नाही. अंगणातल्या बाकावर येऊन टोपी काढून बसला. त्याला मी हातोड्याने अंगठा चिरडलेला पाहिला आहे, आई गेली तेव्हा पाहिला आहे. पण असा खांदे टाकून बसलेला पहिल्यांदाच पाहिला.

"उद्या डॉक्टरकडे जायचं," मी म्हणाले.

"हं," तो म्हणाला. त्याचं 'हं' ऐकून मला रडूच आलं. मी कोंबड्यांना दाणे टाकायला गेले. दाणे सकाळीच टाकून झाले होते.

डॉक्टर लेवाक म्हणजे काडीसारखी बारीक बाई, पन्नाशीची. खिडकीत उभी राहून सिगारेट ओढायची आणि तिथूनच पेशंटला सिगारेट सोडायला सांगायची. तिने त्याला वजनकाट्यावर उभं केलं. एकशे आठ किलो.

"वडील कशाने गेले?"

"शिडीने," अंद्रिया म्हणाला.

"झटक्याने," मी म्हणाले. "एकसष्टाव्या वर्षी. आणि आजोबा अठ्ठावन्न."

"रात्री लघवीला किती वेळा उठता?"

"मी? छे. एकदा डोकं टेकलं की सकाळ."

"चार वेळा," मी दारातून म्हणाले. "कधी पाच. आणि प्रत्येक वेळी कुत्रा भुंकतो."

डॉक्टरबाईंनी सिगारेट विझवली आणि मला बाहेर बसवलं. अर्ध्या तासाने अंद्रिया बाहेर आला तो माझ्याकडे बघेचना. "काही वाईट नाही म्हणाली," एवढंच बोलला. "लघवीच्या पिशवीखालच्या गाठीला नुसती सूज आहे. या वयात येते म्हणे. पण रेझा, पुन्हा विजार उतरवून तपासून घ्यायला मी जाणार नाही." पुढच्या वर्षी गेला, आणि त्याच्या पुढच्याही, पण दर वेळी हेच म्हणून.

मग बाईंनी आम्हा दोघांना आत बोलावलं. त्या त्याला रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "अंद्रिया, ताजा रस भरलेल्या पिंपाचं बूच घट्ट ठोकून ठेवलं तर काय होतं?"

"फुटतं," तो म्हणाला. "कोणीही सांगेल. मी एक फुटलेलं पाहिलंय, लोखंडी कडं गोठ्याच्या भिंतीत रुतलं होतं."

"मग तुम्ही काय करता? दर तीन महिन्यांनी अर्धा लिटर काढता, आणि परत ठोकता."

घरी येताना बसमध्ये तो मला म्हणाला, "बाई हुशार आहे. पिंपातलं कळतं तिला."

तिने दिलं ते असं: रोज सकाळी अर्धी गोळी, जी घेऊनही रक्त देता येतं असं तिने विचारून ठेवलं होतं. मीठ जवळजवळ बंद. चरबी रविवारी, बोटभर. सिगारेट एकही नाही. आणि रोज एक तास चालायचं.

गोळी त्याने मुकाट्याने घेतली. सिगारेटऐवजी ओकच्या ढलप्या चघळू लागला. दहा दिवस असा खेकसत होता की कुत्रासुद्धा पिंपात जाऊन झोपायचा, मग हळूहळू माणसात आला. मिठासाठी मी दोन भांडी करायच्या भानगडीत पडले नाही. एकच भांडं, दोघांना सारखं. पहिला आठवडा आम्ही दोघं समोरासमोर बसून गवत खाल्ल्यासारखे चावत होतो. मग मी मुळ्याच्या जातीचं एक मूळ किसायला लागले, तिखट, नाकात जाणारं. आंबट साय, बडीशेपेचा पाला, व्हिनेगर, लाल मिरची. कालव्यातला मासा चरबीत न तळता पानात गुंडाळून भाजला. एके दिवशी त्याने ताटली पावाने पुसून खाल्ली आणि मिठाचं नावही काढलं नाही, तेव्हा मी समजले.

अडलं ते चालण्यावर.

"कुठे चालू?" तो म्हणाला.

"कालव्याच्या कडेने. पुढच्या गावच्या चर्चपर्यंत आणि परत."

"तिथे काय आहे?"

"काही नाही. नुसतं चालायचं."

"नुसतं?" त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्याला पेटीकोट घालायला सांगितला होता. आणि त्याचंही खरं होतं. आमच्या गावात रिकाम्या हाताने चालणारा पुरुष म्हणजे एकतर प्यालेला, नाहीतर बायकोने घराबाहेर काढलेला. माणूस शेताला जातो, गिरणीला जातो, मयताला जातो. नुसता जातो कुठे?

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो निघाला तेव्हा खांद्यावर कुदळ होती.

"ही कशाला?"

"लोकांना काहीतरी दिसायला नको?"

आणि मग रोज तसंच. सहाला कुदळ खांद्यावर टाकून जायचा, सव्वासातला कुदळ खांद्यावर टाकून यायचा. पात्याला मातीचा कण नाही. दोन आठवड्यांत गावात झालं की अंद्रियाने कालव्यापलीकडे शेत घेतलं. तिसऱ्या आठवड्यात दुकानात मला कोणी विचारलं, मका लावलाय की बटाटे. मी म्हणाले, "अजून ठरलं नाही." काय करणार? ब्लाझ तर मुद्दाम सायकल घेऊन कालव्यापलीकडे शेत शोधून आला.

"कूमा, कुठेय तुझं शेत?"

"तुला दिसायचं नाही. छोटं आहे."

"सकाळी सहाला जातोस, सातला परत? काय पिकतं तिथे?"

"दाब," अंद्रिया म्हणाला आणि शेडमध्ये गेला.

ऑगस्टमध्ये कातित्सा सुट्टीवर आली. तिने येताना दाब मोजायचं यंत्र आणलं, रबरी फुगा असलेलं. मग मीच मोजायला शिकले. रोज सकाळी, कुदळ कोपऱ्यात ठेवली की हात टेबलावर. एकशे सत्तर. एकशे पासष्ट. पुन्हा एकशे बहात्तर, त्या दिवशी त्याने कबूल केलं की आदल्या संध्याकाळी शेजाऱ्याकडे खारवलेला तुकडा खाल्ला होता. "केवढा?" "एवढा." "खरा केवढा?" मग दोन्ही हातांनी दाखवला.

सप्टेंबरात एवित्साने पट्टा बांधला तेव्हा मी हॉलच्या दारात उभी होते. बायका तिथे सहसा थांबत नसत. एकशे अठ्ठावन्न, खालचा ब्याण्णव. डॉक्टर लेवाक स्वतः आल्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं. "घ्या," म्हणाल्या. तो खाटेवर आडवा झाला आणि डावा हात लांब केला. नव्व्याण्णव.

राजम्याच्या कढईपाशी वाढणाऱ्याने त्याच्या ताटलीत मोठं हाड टाकलं. अंद्रियाने ते उचलून शेजारच्या ताटलीत ठेवलं. शेजारची ताटली ब्लाझची होती. रक्त देत नसला तरी राजम्याला तो हजर असे. त्याने हाड खाल्लं, पण त्या दिवशी कुठलाही टोमणा मारला नाही.

सत्तावीस नोव्हेंबरला, पासष्टीच्या तीन दिवस आधी, एकशे सेहेचाळीस आणि अठ्ठ्याऐंशी भरले. वजन चौऱ्याण्णव किलो. शंभरावी पिशवी भरून झाल्यावर एवित्साने ती त्याच्या हातात धरायला दिली. त्याने ती दोन्ही हातांत घेतली, कोंबडीचं ताजं अंडं घेतात तशी. "गरम आहे," एवढंच म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही. मीही नाही बघितलं.

घरी येऊन त्याने बिल्ला खणात टाकला, गुलाबी पट्ट्यांशेजारी.

खरी काळजी मला त्या दिवसापासून लागली. कारण आता संपलं होतं. ज्या शंभरासाठी त्याने सहा महिने ओकच्या ढलप्या चघळल्या, ते शंभर खणात पडले होते. पुढे कशासाठी? माझ्यासाठी? बायकोसाठी चाळीस वर्षांत त्याने एक टोपी बदलली नव्हती.

आणि दोनच दिवसांनी ब्लाझकडे डुकरं कापायची होती. एकोणतीस नोव्हेंबर, देशाची सुट्टी, गवतावर दव गोठलेलं. त्या दिवशी अर्ध्या गावात हेच चालायचं. आणि ब्लाझच्या अंगणात अंद्रियाचं काम ठरलेलं होतं. तो मिठाचा माणूस. आमच्याकडे डुकराच्या आतड्यात मांस, मीठ, लसूण आणि लाल मिरची ठासून कुलेन करतात, मनगटाहून जाड, आणि धुरात टांगून महिनोन्महिने वाळवतात. त्यात मीठ किती, ते तराजूने कोणी मोजत नसे. काठवटीत कालवलेल्या मांसाची चपटी गोळी चुलीच्या झाकणावर भाजायची आणि अंद्रियाच्या जिभेवर ठेवायची. तो म्हणेल, "आणखी मूठभर," की मूठभर. तो म्हणेल "बस," की बस. ब्लाझच्या कुलेनने जिल्ह्याच्या जत्रेत दोनदा पहिला नंबर काढला होता तो या जिभेवर.

गोळी भाजली. सगळे थांबले. अंद्रियाने ती तोंडात फिरवली आणि तोंड वाकडं केलं.

"बस. फार झालं. मांस असेल तर घाला अजून."

"फार?" ब्लाझने मिठाचं भांडं दाखवलं. "अर्धंच घातलंय रे!"

"मग तुझी मूठ मोठी झाली असेल. खारट आहे."

"रेझा, तू बघ."

मी चाखलं. खरंच खारट होतं. "त्याचं बरोबर आहे," मी म्हणाले.

दोघांचं म्हणणं एक पडल्यावर कोण काय बोलणार? ब्लाझने मीठ बाजूला ठेवलं आणि आतडी भरायला घेतली.

त्या दिवशी मी अंद्रियाच्या ताटलीवर नजर ठेवून होते. चरबी कढवून राहिलेले कुरकुरीत तुकडे परातभर समोर होते. त्याने दोन उचलले, एक खाल्ला, दुसरा ताटलीच्या कडेला ठेवला. दारूचा एक पेला घेतला, शंभरीचा म्हणून, आणि दुसरा पालथा घातला. मला वाटलं, मी बघतेय म्हणून.

सोमवारी सकाळी सहा वाजले. तो उठला नाही. "झालं ना आता शंभर," कुशीवर वळून म्हणाला. मंगळवारी नाही. बुधवारी नाही. मी स्वयंपाक आधीसारखाच करत राहिले आणि गोळी त्याच्या कपाशेजारी ठेवत राहिले. ती तो घेत होता. गुरुवारी मी पीठ मळत होते आणि शेडचं दार करकरलं. खिडकीतून बघितलं, तर खांद्यावर कुदळ.

"पाठ आखडलीय," माझ्याकडे न बघता तो म्हणाला. "जरा मोकळी करून येतो."

"जमीन गोठलीय," मी म्हणाले. "कुदळ घेऊन काय खणणार?"

"हिवाळी लसूण," तो म्हणाला आणि गेला.

तरी माझा विश्वास बसेना. पाठ आज आखडते, उद्या बरी होते. विश्वास बसला तो थेट ईस्टरच्या आदल्या दिवशी.

मी अंडी रंगवत होते. फाटक इतक्या जोरात आपटलं की एक अंडं हातातून सुटलं. ब्लाझ, बगलेत वर्तमानपत्राचं पुडकं. ते त्याने टेबलावर आपटलं आणि उघडलं. कुलेन. मधोमध कापलेला. आतून राखाडी हिरवा, आणि वास असा की कुत्रा उठून बाहेर गेला.

"सोळा!" ब्लाझ ओरडला. "सोळा कुलेन! एकही खाण्यासारखा नाही! उद्या ईस्टर, टोपलीत घालून आशीर्वादाला चर्चला न्यायचं काय? सुरी लावली तर पाद्र्याच्या अंगावर चालून जाईल! विषारी आहेस तू, कूमा! मुद्दाम केलंस!"

अंद्रिया वाकून बघायला लागला. "मीठ कमी पडलंय," शांतपणे म्हणाला.

"कमी? तूच म्हणालास फार झालं!"

"खारट लागलं मला."

"आणि ही पण म्हणाली!"

मी हातातला चमचा खाली ठेवला. सहा महिने एकच भांडं, दोघांना सारखं. ज्या जिभेवर ब्लाझने विश्वास ठेवला ती जीभ तोवर राहिलीच नव्हती. ना त्याची, ना माझी. मला एकदम हसू आलं आणि आवरेना. अंद्रियाने माझ्याकडे बघितलं, त्याला क्षणभर कळलं नाही, मग कळलं, आणि तोही हसायला लागला, मिशीवर हात धरून, खांदे हलवत.

तो चोरून खात नव्हता. शेजाऱ्याकडे नाही, शेडमध्ये नाही, कुठेच नाही. खात असता तर ते सोळा कुलेन नीट झाले असते.

"हसा!" ब्लाझचा चेहरा बिटासारखा लाल झाला होता, कपाळावरची शीर टरारलेली. "हसा! चाळीस वर्षांचा कूम, आणि..." तो खुर्चीचा हात धरून थांबला. दम लागला होता.

अंद्रियाचं हसू थांबलं. "बस," तो म्हणाला.

"नाही बसत."

"बस म्हणतो ना. रेझा, ते यंत्र आण."

"मला हात लावायचा नाही! माझी शंभरी झाली!"

"म्हणूनच," अंद्रिया म्हणाला. "दोन वर्षं झाली, तुझा दाब कोणी बघितलाय?"

ब्लाझ खुर्चीवर टेकला. त्या बिचाऱ्याच्या ते ध्यानातही आलं नव्हतं; रक्त देत होता तोवर दर तीन महिन्यांनी पट्टा बांधला जायचा, बिल्ला मिळाला आणि तेही बंद झालं. मी त्याची बाही वर केली, पट्टा गुंडाळला, फुगा दाबला. काटा चढत गेला. दोनशे पाच. खालचा एकशे अठरा. मी पुन्हा मोजलं. तेवढाच.

"तुझं यंत्र बिघडलंय," ब्लाझ म्हणाला, पण आवाज बारीक.

"एवित्सालाही तसंच वाटलं होतं," मी म्हणाले.

मंगळवारी अंद्रियाने त्याला डॉक्टर लेवाककडे नेलं. बाहेर बाकावर स्वतः बसून राहिला, पळून जाऊ नये म्हणून. ब्लाझ बाहेर आला तो तांबडालाल, आणि दोन गल्ल्या दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मग म्हणे ब्लाझने विचारलं, "तुझीही तशीच तपासणी केली होती का?" आणि अंद्रिया म्हणाला, "हो." "मग मला सांगितलं का नाहीस?" "सांगितलं असतं तर आला असतास?"

ते नासके सोळा कुलेन आम्ही ब्लाझच्या परसात खड्डा खणून पुरले. चालणं सुरू झाल्यापासून अंद्रियाच्या कुदळीला पहिल्यांदा माती लागली ती त्या दिवशी. पुढच्या हिवाळ्यापासून ब्लाझच्या बायकोने मिठासाठी तराजू आणला.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी सहाला मी खिडकीशी उभी होते. अंद्रिया फाटकापाशी थांबला होता. रस्त्यावरून ब्लाझ आला, छातीवर बिल्ला, आणि खांद्यावर कुदळ. नवी कोरी, दांड्यावर दुकानाची चिठ्ठी अजून तशीच.

"किती लांब आहे तुझं ते शेत?" त्याने विचारलं.

"चल तर आधी," अंद्रिया म्हणाला.

ब्लाझ ब्याऐंशीपर्यंत होता. अंद्रिया सत्त्याऐंशीपर्यंत, त्या घराण्यात तेवढं म्हातारं होणारा तो पहिला. माझ्याकडे आता त्याचा एक फोटो आहे, पांढऱ्या मिशीचा, सुरकुतलेला, बारीक. बाकीच्या फोटोंशेजारी लावला तर तो त्यांचाच बाप वाटतो. बावीस वर्षं ते दोघं कालव्याच्या कडेने जात राहिले, आणि शेवटपर्यंत कुदळ टाकून द्यायला कोणी तयार झालं नाही. कुदळ अजून शेडमध्ये दाराच्या मागे उभी आहे. दांडा खांद्याच्या घामाने काळा पडलाय, आणि पातं नव्यासारखं.